जुन्या पिकअपला नवं इंजिन: आधी चावी मागा, मग हॉर्सपॉवर विचारा

पिकअपचं इंजिन बदलायचंय म्हणून माणूस गॅरेजला आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, किती हॉर्सपॉवरचं टाकू?" माझाही उलटा प्रश्न ठरलेला आहे: "ज्या गाडीतून इंजिन काढणार, तिची चावी मिळतेय का?" माणूस बुचकळ्यात पडतो. पण चावी मागितली की बाकीचं सगळं आपोआप बाहेर येतं. गाडी अख्खी उभी आहे की कुणीतरी नुसतं इंजिन विकायला काढलंय, वायरिंग शाबूत आहे की करवतीने कापलंय, आरसी बुक कुणाच्या नावावर आहे, सगळं कळतं. इंजिन बसवणं अवघड नाही. इंजिनाचं शेजारपाजार बसवणं अवघड आहे, आणि पैसा तिथेच जातो.

आमचं गॅरेज नाशिकच्या आडगाव नाक्याजवळ. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी सुरू केलेलं. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण स्टुलावर बसून ते आवाज ऐकतात आणि न विचारता मत देतात. वायरिंग आणि कागदपत्रं माझ्याकडे. खाली सांगतेय ते मुख्यतः नानांच्या गाडीवरून. नाना दिंडोरी तालुक्यातले द्राक्षवाले, अण्णांचे जुने दोस्त. त्यांची २००४ ची महिंद्रा पिकअप, साधं डीआय, म्हणजे सिलिंडरमध्ये थेट डिझेल फवारणारं इंजिन. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर जास्त हवा कोंबणारा पंखा, त्याला नाही. चेसिस ठणठणीत, केबिन बरी, हौदा नव्याने बांधलेला. इंजिन मात्र ऑइल प्यायचं, आणि टोमॅटोचे क्रेट भरून चढाला लागलं की दुसऱ्या गिअरमध्ये रडायचं.

बदलायचं की बांधायचं

बहुतेकांना मी आधी परतच पाठवते. तेच इंजिन उघडा, ब्लॉक तपासा, लायनर-पिस्टन-बेअरिंग टाका, नोजल आणि पंप करून घ्या. गाडी पुन्हा चार-पाच वर्षं कामाला लागते आणि आरटीओचा दरवाजा चढावा लागत नाही. इंजिन बदलण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा ब्लॉकच फुटलेला असतो किंवा क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, आणखी घासायला जागा उरलेली नसते, किंवा घरात एखादी अख्खी दाता गाडी, म्हणजे जिचं इंजिन काढून घेता येईल अशी, पडलेली असते. नानांकडे तिसरी गोष्ट होती. त्यांच्या साडूंच्या बोलेरोला मागून ट्रकने ठोकलं, चेसिस वाकली, पण पुढचा भाग जसाच्या तसा. त्यात एमटूडीआयसीआर, म्हणजे कॉमन रेलचं इंजिन: एका सामाईक नळीतलं जोरदार दाबाचं डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमाने फवारणारं. चावी, कागद, गिअरबॉक्स, मीटर, सगळं जागेवर.

आता हॉर्सपॉवरचं बोलू. बोलेरोचं हे २५२३ सीसीचं इंजिन ३२०० आरपीएमला ६३ हॉर्सपॉवर देतं. आकडा ऐकून नाना म्हणाले, "अगं पोरी, एवढंच?" पण आकडा तो बघायचाच नाही. त्याचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १९५ न्यूटन-मीटर आहे आणि तो १४०० ते २२०० आरपीएममध्ये पूर्ण मिळतो. भरलेली पिकअप घाटात नेमकी तिथेच चालते. ३२०० ला घाट चढणारा ड्रायव्हर माझ्याकडे नोकरीला नको.

दुसरं कारण असं की जुनं डीआयही २५२३ सीसीचंच, ८८.९ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि १०१.६ स्ट्रोकचं (पिस्टनची चाल). कंपनी एक, इंधन एक, सीसी एक. कागदावर त्याचा फायदा होतो, तो पुढे सांगते. याउलट त्याआधीचं प्यूजोचं एक्सडी३पी घ्या. सीसी २४९८, पण बोअर ९४ आणि स्ट्रोक ९०. आकडे शेजारी-शेजारी दिसतात, इंजिन पूर्ण वेगळं. सीसी जुळली म्हणजे बोल्ट जुळले असं नसतं. टाटाचं ४९७ तर आणखी वेगळं. नावातच सांगून टाकलंय की चार सिलिंडर आणि ९७ चा बोअर. २९५६ सीसीचं ते वजनदार इंजिन महिंद्राच्या चेसिसवर बसवून द्या म्हणणारे येतात. मी हात जोडते.

दाता गाडी अख्खी मिळत नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: कॉमन रेलच्या नादी लागू नका. मेकॅनिकल पंपाचं डीआय टर्बो शोधा. त्याला चालायला डिझेल, हवा आणि स्टॉपची एक वायर पुरते. आणि बीएस-६ चं, म्हणजे प्रदूषणाच्या सध्याच्या नियमातलं इंजिन तर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. सायलेन्सरमधला फिल्टर, त्याचे सेन्सर, त्याचा हिशोब ठेवणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हे सगळं वीस वर्षं जुन्या गाडीत जिवंत ठेवणं म्हणजे गाडी सोडून त्याचीच सेवा करणं.

इंजिन तपासताना

विकणारा म्हणतो, "चालू कंडिशन." म्हणा, चालू करून दाखव. पण आधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर त्याने तुम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलंय, म्हणजे थंड स्टार्टिंगमध्ये काहीतरी लपवायचं आहे. गार होईपर्यंत चहा घ्या आणि मग सेल्फ मारायला लावा.

चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून बघा. थोडी वाफ असतेच. पण धुराचा भपका ठोक्याठोक्याने बाहेर येत असेल तर रिंगा गेल्यात. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजा. आकडा किती येतो यापेक्षा चारांत फरक किती हे जास्त बोलतं. वरच्या आणि खालच्या आकड्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर भाव पाडा किंवा घरी या. टर्बोचा होज काढून शाफ्ट चिमटीत धरा. बाजूला किंचित हलला तर चालतं, कारण तो ऑइलच्या थरावर फिरतो. आत-बाहेर हलला तर टर्बो संपला. पंख्याची पाती हाउसिंगला घासल्याची खूण दिसली तरी तेच.

इंजेक्टर काढून टेस्टिंगला द्याच. या बाबतीत आपलं नाशिक नशीबवान आहे. सातपूरला बोलेरोचा कारखाना, इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना, आणि नोजल-इंजेक्टर बनवणारी बॉश इथेच. तिला जुने लोक अजून मायकोच म्हणतात आणि मायको सर्कल तर नकाशावरच आहे. या कारखान्यांत उभी हयात घालवलेली माणसं सिडको-सातपूरच्या गल्ल्यांत लेथ आणि पंप-नोजलची दुकानं चालवतात. त्यांच्याकडे इंजेक्टरचा रिपोर्ट मागा, तोंडी "चांगलाय" घेऊ नका.

कागद, स्पॅनरच्या आधी

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंद आहे, त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलंय. इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि बदल केल्यावर चौदा दिवसांच्या आत आरसी घेऊन कळवावं लागतं. परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मला विम्याची भीती जास्त वाटते. अपघात झाल्यावर सर्व्हेअर इंजिन नंबर बघतो, पॉलिसीवरचा नंबर बघतो, आणि तुमचा क्लेम तिथेच अडकतो.

म्हणून पेठ रोडच्या आरटीओत आधी लेखी अर्ज, मग खर्च. सोबत दाता गाडीची आरसी, ती रद्द केल्याचा कागद, विक्रीची पावती, तुमची आरसी, विमा, पीयूसी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. तीच कंपनी, तेच इंधन, तीच सीसी असेल तर बोलणं सोपं जातं. तोंडी "करून आणा, बघू" म्हटलं तर करून आणू नका. मंजुरी नाही मिळाली तर जुनं इंजिन बांधायचा रस्ता उघडा आहेच.

भंगारातून सुटं इंजिन घेणार असाल तर नंबर पंच केलेली जागा कापडाने पुसून टॉर्च तिरकी धरून बघा. घासलेलं, वेल्डिंग केलेलं, अक्षरं वाकडी असलेलं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी उचलू नका. कुर्ल्याहून असं एक इंजिन आणून त्याचं काम करून द्या म्हणणारा एक जण आला होता. अण्णा स्टुलावरून उठले, नंबर बघितला आणि म्हणाले, "हे जिथून आणलं तिथे आजच्या आज पोचव."

काढण्याआधी मोजा

हंगाम बघून हात घाला. द्राक्षं संपलेली, टोमॅटो पिंपळगावच्या बाजारात सुरू व्हायचाय, ही मधली सवड शेतकऱ्याच्या गाडीसाठी बरोबर. हंगामाच्या तोंडावर आणलेली गाडी घाईत बांधली जाते.

काढणं हे काम सोपं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. बॅटरी, पाणी, ऑइल, बॉनेट, रेडिएटर, सायलेन्सरचा पुढचा पाईप, गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट, मग चेन ब्लॉक लावून इंजिन-गिअरबॉक्स एकत्र वर. पण जुनं इंजिन जागेवर असतानाच मापं घ्या: पंख्यापासून रेडिएटरपर्यंत, चेंबरपासून (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यापासून) चेसिसच्या खालच्या आडव्या क्रॉस मेंबरपर्यंत, गिअर लिव्हर केबिनच्या भोकात कुठे येतो, गिअरबॉक्सच्या शेवटापासून मागच्या हाउसिंगच्या (मागच्या चाकांच्या आसाच्या) फ्लँजपर्यंत. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा आणि हाउसिंगमध्ये शिरणाऱ्या पिनियनचा कोन मोजा. पाटे दबलेले असतानाचा कोन हवा, गाडी जॅकवर लटकलेली असतानाचा नको. दाता गाडीचीही हीच मापं घ्या. दोन कागद शेजारी ठेवले की निम्मं काम कळून येतं.

बेलहाउसिंग

नानांच्या गाडीत आम्ही दाता गाडीचा गिअरबॉक्स इंजिनासकट उचलला. क्लच, फ्लायव्हील, सेल्फ, सगळं एकमेकांना ओळखणारं. शक्य असेल तर हेच करा. खर्च शाफ्ट आणि गिअर लिव्हरच्या भोकापुरता वाढतो, पण डोकेदुखी जाते.

जुना गिअरबॉक्स ठेवायचाच असेल तर मात्र लेथवाला चांगला हवा. इंजिनाच्या मागच्या तोंडात आणि बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या खोळीत, अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते, आणि सगळा खेळ मध्यबिंदूचा. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या मागच्या पायलट बुशमध्ये जातो. बेलहाउसिंगचं भोक क्रँकच्या मध्याशी जुळलं नाही तर गाडी चालते, पण क्लच दाबताना कुरकुर येते, पहिला गिअर पडताना खरखरतो, आणि काही महिन्यांत इनपुट बेअरिंग बोंबलतं. फ्लायव्हीलवर डायल गेज लावा, इंजिन हाताने फिरवा, बेलहाउसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेवर काटा फिरू द्या. पूर्ण फेरीत एकूण फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत यायला हवा. जास्त आला तर प्लेट पुन्हा लेथवर. बोल्ट आवळून जुळवू नका. बोल्टचं काम धरण्याचं, जागा ठरवण्याचं काम डॉवेल पिनचं. डॉवेलशिवाय प्लेट बनवून देणारा लेथवाला बदला.

त्यानंतर पायलट बुशचा आतला व्यास, क्लच प्लेटचे स्प्लाइन, प्लेटचा व्यास, रिलीज बेअरिंगची चाल, आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात सेल्फच्या पिनियनशी जुळतात का, एवढं तपासा. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे टाका. इंजिन बाहेर असताना क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदला. स्वस्त आहे, आणि नंतर गळलं तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

फाउंडेशन आणि शाफ्ट

इंजिन चेन ब्लॉकवर लटकवून जागेवर धरा. आधी गिअरबॉक्सचा मागचा माउंट बसवा, मग पुढची दोन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते. नव्या ब्रॅकेटसाठी आधी जाड पुठ्ठ्याचा साचा, मग पत्रा. ब्लॉक एकाच घराण्यातला असला तरी जुने ब्रॅकेट जसेच्या तसे बसतील असं धरून चालू नका. आमच्याकडे डावी बाजू बसली, उजवीकडे ब्रॅकेट नवा करावा लागला.

ब्रॅकेट चेसिसला बोल्टने धरा, १०.९ ग्रेडचे बोल्ट वापरा. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग करू नका. भरलेल्या गाडीत तिथेच तडा सुरू होतो. इतरत्र वेल्डिंग लागलंच तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचे कनेक्टर आधी काढून बाजूला ठेवा.

पंखा आणि रेडिएटरमध्ये किमान बोटभर, म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटर जागा हवी, कारण ब्रेक मारला की इंजिन रबरावर पुढे झुकतं. चेंबरखालीही तशीच मोकळी जागा.

शाफ्टचं गणित नीट समजून घ्या, कारण 'इंजिन बदलल्यावर साठच्या पुढे गाडी थरथरते' ही तक्रार इथेच जन्मते. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. प्रत्येक क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचा, कोन तीन अंशांच्या आत ठेवा. दोन्ही टोकांच्या कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक नको. कोन अगदी शून्यही नको, नाहीतर क्रॉसच्या सुया एकाच जागी बसून खड्डा पाडतात. मधलं सेंटर बेअरिंग असेल तर त्याच्या ब्रॅकेटखाली पट्टी टाकून उंची जुळवता येते. लांबी बदलली तर शाफ्ट कापून वेल्डिंग केल्यावर बॅलन्सिंगला पाठवाच. स्लिप जॉइंट पूर्ण आत ढकलून बसवू नका. गाडी भरल्यावर हाउसिंग हलतं, तेव्हा शाफ्टला आत जायला जागा लागते.

पाणी, हवा, ब्रेक

टर्बो इंजिनाला जुना रेडिएटर पुरत नाही. दाता गाडीचा रेडिएटर आणि इंटरकूलर बसत असेल तर तोच घ्या. इंटरकूलरमध्ये आधीचं ऑइल साचलेलं असतं. डिझेलने धुऊन पूर्ण वाळवा. हे काम टाळू नका, कारण तेच ऑइल इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्या मर्जीने पळत सुटतं.

डिझेलची टाकी उतरवून आतून धुवा. वीस वर्षांचा गंज जुना पंप पचवत होता, कॉमन रेल पचवणार नाही. पाणी वेगळं करणारा फिल्टर दाता गाडीचा घ्या, नळ्या नव्या टाका, रिटर्न लाइन विसरू नका.

आणि ब्रेक. लोकांना इंजिन दिसतं, ब्रेक दिसत नाही. अशा डिझेल इंजिनांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप बहुधा अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. इंजिन बदललं, अल्टरनेटर बदलला, की पंप, त्याची ऑइलची नळी आणि बूस्टरचा होज, सगळं नव्याने तपासावं लागतं. परीक्षा सोपी: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक झालं की दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर गाडी गॅरेजच्या दाराबाहेर जाणार नाही, मग घरी लग्न असो की बाजाराचा दिवस.

वायरिंग

हा माझा प्रांत, म्हणून इथे थोडी थांबते.

दाता गाडीचं वायरिंग कापू नका. एकही वायर नाही. प्रत्येक कनेक्टरला कागदी टेप लावून मराठीत लिहा: 'क्रँक सेन्सर, खाली डावीकडे', 'रेल प्रेशर', 'पेडल'. फोटो काढाच, पण ग्रीसच्या हाताने फोनमध्ये फोटो शोधण्यापेक्षा टेप वाचणं सोपं. आख्खा हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, डॅशबोर्डपासून इंजिनपर्यंत सलग उचला. सोबत ईसीयू, मेन रिले, फ्यूज बॉक्स, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, मीटर, आणि इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारं कुलूप) असेल तर त्याचं युनिट आणि चावी. हे सगळं एका घरातलं असतं. ईसीयू एका गाडीचा आणि चावी दुसरीची असेल तर सेल्फ फिरेल, इंजिन बोलणार नाही.

पेडल केबलचं नसतं, हे जुन्या मिस्त्रींच्या पचनी पडत नाही. त्यात दोन सेन्सर असतात, दोघांचे आकडे ईसीयू ताडून बघतो, आणि जुळले नाहीत तर इंजिन रांगायला लावतो. म्हणून दाता गाडीचं पेडल ब्रॅकेटसकट केबिनमध्ये बसवा. ब्रेक पेडल आणि क्लच पेडलचे स्विचही जोडा. "दिव्याचा स्विच आहे ना, पुरे" म्हणत ते सोडून दिले की महिनाभराने गाडी "पिकअप घेत नाही" म्हणून परत येते. माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांत इंजेक्टर बदलून झालेले होते आणि दोष ब्रेक स्विचच्या एका वायरीत होता.

ईसीयूची जागा केबिनच्या आत, पायांच्या वर, जिथे गाडी धुताना पाणी जात नाही आणि सायलेन्सरची धग येत नाही. स्कॅनर लावायचं सॉकेट डॅशखाली ठेवा. ते सोडून दिलं तर पुढे प्रत्येक दोष अंदाजाने शोधावा लागेल.

अर्थिंग नवीन आणि जाड. बॅटरी ते ब्लॉक एक, ब्लॉक ते चेसिस दुसरी, चेसिस ते केबिन तिसरी. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, आवळल्यावर वरून ग्रीस लावा. मग मीटर घेऊन, कुणालातरी सेल्फ मारायला सांगून, बॅटरीच्या मायनस आणि ब्लॉकमध्ये व्होल्टेज बघा. ०.२ व्होल्टच्या आसपास ठीक. अर्धा व्होल्ट गेला तर ती अर्थिंग पुन्हा करा. कॉमन रेलच्या गाड्यांतली निम्मी भुतं मायनसच्या वायरीत राहतात, असं माझं मत आहे.

मेकॅनिकल पंपाचं इंजिन घेतलं असेल तर हा सगळा प्रपंच स्टॉप सोलेनॉइड, ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान आणि चार्जिंगच्या दिव्यावर आटपतो. म्हणूनच तर सुरुवातीला तसं म्हटलं.

पहिला स्टार्ट

टर्बोची ऑइलची नळी काढून त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि नळी परत बसवा. मेकॅनिकल पंपाला स्टॉप ओढून ठेवून, कॉमन रेलला इंजेक्टरचे कनेक्टर काढून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. ऑइलचा दिवा विझला की मगच डिझेल.

मेकॅनिकल पंपाची एअर हँड प्रायमरने आणि नोजलचे नट सैल करून काढतात, ते सगळ्यांना माहीत आहे. तीच सवय कॉमन रेलवर नेऊ नका. रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनाचा नट सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, आणि ती जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. गळती हाताने चाचपून बघू नका, पुठ्ठा धरा. एअर काढायची ती फक्त फिल्टरपर्यंतच्या कमी दाबाच्या बाजूला.

इनटेकच्या तोंडाजवळ एक माणूस जाड सपाट फळी घेऊन उभा करा. इंजिन पळत सुटलं तर चावी फिरवून ते थांबेलच असं नाही, हवा तोडावी लागते. फळीने तोंड बंद करायचं, हाताने किंवा फडक्याने कधीच नाही. शेजारी आगीचा सिलिंडर. आमच्याकडे हे काम अण्णा स्वतःकडे घेतात, गुडघे असोत की नसोत.

चालू झालं की रेस करू नका. पाच मिनिटं आयडलवर, गळती बघा, पाण्याची पातळी बघा, हीटरचा कॉक उघडा ठेवून पाण्यातली हवा निघू द्या. थर्मोस्टॅट उघडल्याचं खालच्या होजच्या गरम होण्यावरून कळतं.

ट्रायल

रिकामी गाडी आधी दिंडोरी रोडने, परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. मग अर्धा भार. मग पूर्ण भार घेऊन घाट. आम्ही नांदुरीहून सप्तशृंग गडाचा रस्ता धरतो. चढ आहे, वळणं आहेत आणि वेग मिळत नाही, म्हणजे रेडिएटरला वाऱ्याची मदत नाही. तिथे तापमानाचा काटा मध्यावर टिकला तर उन्हाळ्यात कसारा चढून येतानाही टिकतो. वर पोचल्यावर चावी लगेच बंद करू नका. एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, टर्बोला ऑइल मिळत राहील. उतरताना ब्रेक आणि व्हॅक्यूमची खरी परीक्षा होते. गिअरमध्ये उतरा आणि पेडलचा अंदाज घेत राहा.

पाचशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, फाउंडेशनचे बोल्ट, शाफ्टचे फ्लँज, इंटरकूलरच्या क्लिपा पुन्हा तपासा. पीयूसी करून घ्या. जुन्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या काळेपणाचं माप) आणि बीएस-४ ला ५० आहे; धडधाकट कॉमन रेल इंजिन कडक मर्यादेतही आरामात बसतं. तो कागद, मंजुरीचं पत्र आणि गाडी घेऊन त्या चौदा दिवसांच्या आतच आरटीओत जा, नवा इंजिन नंबर आरसीवर चढवा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला नोंद बदलायचा अर्ज द्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी असतंच, तेव्हा इन्स्पेक्टरने बॉनेट उघडून नंबर ताडला तर दाखवायला आरसी गाडीतच असू द्या.